बाजूला काढलेली मूठ

तिआऊ नदी त्या दिवशी गुडघाभरच होती.
पलीकडे काय राहिलं ते आता मोजत नाही:
शिलाई मशीन, गाभण डुकरीण,
लावायची राहिलेली कडी.
नवरा म्हणाला होता, पुढे हो, आलोच.
ते वाक्य अजून पाण्यात उभं आहे.

इथे मिझो डोंगराच्या कण्यावर गाव,
आणि गावाच्या उंच टोकाला निळ्या पत्र्याचं चर्च.
मागच्या सभागृहात ताडपत्र्या टांगून
आम्हा अकरा कुटुंबांच्या अकरा खोल्या केल्या.
अंधारात कुणाचा खोकला कुठला, पोरांनाही पाठ.

तांदूळ मिळायचा, दर मंगळवारी, मापटं मापटं.
एकाच पोत्यात जाडा, बारीक, लालसर, चिकट,
मधूनच खडा.
शिजताना काही दाणे फुटायचे, काही तसेच राहायचे.
मी कुरकुरले. देवा, तेवढं विसर.

मग एकदा पी बिआकथुआमींच्या चुलीपाशी बसले होते.
आधण आलेलं. भांड्यात पाच माणसांचे तांदूळ.
त्यांनी त्यातून एक मूठ उचलली
आणि बोलता बोलता
भिंतीजवळच्या डब्यात सोडली.
सकाळी एक, संध्याकाळी एक.
"आई करायची," म्हणाल्या, "तिची आईसुद्धा.
शिजवायच्या आधी काढायची. उरलेलं कोणीही देतं."

तेव्हा कळलं मला,
माझ्या ताटात कुणाकुणाची चूल होती.

शनिवारी कपाळाला पट्टा, पाठीला वेताची टोपली,
त्या दारोदार फिरत डबे रिकामे करून घ्यायच्या.
आमच्या ताडपत्र्यांपुढून मात्र
पाय न वाजवता जायच्या.
दयाच होती ती.
पण माझ्या दाराशी ती थांबायची नाही.

रविवारी ढोल वाजायचा. चाल माझ्या आजोळचीच,
शब्द त्यांचे. मी माझे शब्द घालायचे, हळू.
शेजारची मुलगी पुस्तक माझ्याकडे सरकवायची.
बाकावरून उठलं की मी पुन्हा पाहुणी.

एका गुरुवारी संध्याकाळी
भांड्यावर माझा हात अडला.
तांदूळ त्यांचा. त्यांचाच त्यांना द्यायचा?
हसतील. झाकली मूठ झाकलीच बरी.
धाकटा बघत होता. "कमी का टाकलास?"
"पाणी जास्त घालू," म्हटलं.

शनिवारपर्यंत चार मुठी झाल्या.
बिस्किटाच्या डब्याचा तळही धड झाकेना.
मी ताडपत्री वर धरून उभी राहिले.

त्या थांबल्या.
वाटलं, नको म्हणतील.
किंवा गळ्यात पडून रडतील, त्याची जास्त धास्ती.
त्यांनी टोपली उतरवली, वही काढली,
जीभ ओठांत धरून माझं नाव लिहिलं.
एक अक्षर जास्त पडलं. मी बोलले नाही.
वहीत अजून तसंच आहे.
मग गुडघा चोळत म्हणाल्या,
"खालच्या आळीला एकशे बारा पायऱ्या.
पुढच्या शनिवारी तू जातेस?"

आता खालची आळी माझी.
कुणाचं कुत्रं चावतं,
कोण म्हातारा दोन मुठी टाकून एकच सांगतो,
कुठला डबा या आठवड्यात हलका
आणि का, ते विचारायचं नाही.
पट्ट्याचा वळ कपाळावर रात्रीपर्यंत राहतो.
धाकटा त्यावरून बोट फिरवतो,
रस्ता असावा तसा.

परवा बारावी ताडपत्री टांगली.
नवी बाई. चपलांना अजून नदीचा चिखल.
काल तिच्यापुढून मीही
पाय न वाजवता गेले,
चार पावलं.

मग मागे फिरले.
टोपली उतरवली आणि तिच्याकडे
प्यायला पाणी मागितलं.

तिच्यापाशी एकच पेला होता.
तिने तो आधी पदराने पुसला,
मग उजेडात धरून पुन्हा पुसला.